स्वतःच्या वाटेनं जायचं ठरवणं हा स्वार्थ आहे का? (वय ३४, घरकर्ज, आईवडील सोबत)

मुक्काम_कोथरूड:
हिंजवडीत आयटीची नोकरी, सध्याच्या कंपनीत ४ वर्षं ८ महिने झालीत. ती सोडून येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एम.ए. करायचं आहे, पूर्णवेळ, दोन वर्षं. घरखर्च महिना ६२,०००, कर्जाचा हप्ता २८,०००, बायकोचा पगार हातात ५५,०००. शिल्लक १४ लाख. वडील ६६ वर्षांचे, मधुमेह आहे; आईवडील दोघंही माझ्या कंपनीच्या विम्यात. "संसार मांडल्यावर असं आपलंच बघतात का?" हे घरातून ऐकायला मिळतं. हा स्वार्थ ठरतो का? आणि ते ठरवायचं कशावरून?

जमाखर्च:
तुमची इच्छा चांगली की वाईट, या वादातून हाती काही लागत नाही. तिची किंमत कोणाच्या नावावर पडतेय आणि त्याला विचारलंय का, एवढं बघा. न विचारता पडत असेल तर तो आपमतलबीपणा.

आता आकडे. ९०,००० मधून ५५,००० गेले, तूट ३५,०००. २४ महिन्यांचे ८,४०,०००. बहुतेक जण इथेच थांबतात आणि फसतात. निकालापासून पहिली कमाई हातात येईपर्यंत किमान ६ महिने धरा, आणखी २,१०,०००. झाले साडेदहा लाख. उरलेल्या साडेतीन लाखांत फी, उत्खननाच्या कॅम्पचा खर्च आणि घरातलं दुखणंखुपणं. हा फरक फार पातळ आहे, हे बायकोला स्वच्छ सांगा. दुखण्याचे पैसे वेगळ्या खात्यात टाका आणि फीसाठी त्याला हात लावू नका.

जेआरएफची, म्हणजे नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणाऱ्या संशोधन शिष्यवृत्तीची, रक्कम हिशेबात धरू नका. खुल्या गटातल्या पुरुषांना तिथे वयाची अट ३० आहे. नेटमधून सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला वयाची अट नाही, पण पात्रता म्हणजे नोकरी नव्हे.

विम्याचं सगळ्यात आधी बघा. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो. वडिलांसाठी कोरी पॉलिसी घेतली तर मधुमेहासारख्या आधीपासूनच्या आजाराला ३ वर्षांपर्यंत प्रतीक्षा लागू शकते. गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता आलं तर आधी भरलेला काळ त्यात धरला जातो. ही चौकशी राजीनाम्याच्या आधी, लेखी करा. लोक निरोप समारंभानंतर करतात.

नदीकाठ:
पैशांचा हिशेब झाला, वेळेचा राहिला. उत्खननाचा हंगाम पावसाळा सरल्यावर, थंडीत. काही आठवडे सलग तंबूत राहायचं. पहाटे खड्ड्यावर, दुपारी खापरं धुणं, संध्याकाळी नोंदवही. त्या काळात वडिलांना रक्त तपासायला कोण नेणार, गॅस कोण लावणार, सोसायटीच्या मीटिंगला कोण बसणार? ही सगळी कामं निमूट बायकोच्या अंगावर जातात. अशा निर्णयांत खरा अन्याय होतो तो इथे, आणि तो बँकेच्या पासबुकात दिसत नाही. कामांची यादी करा, प्रत्येकापुढे नाव लिहा. जिथे तिचं नाव नव्यानं येतंय तिथे आपलं कुठलं काम आपण उचलणार तेही लिहा.

आणि होकार ओळखायला शिका. "तुला योग्य वाटेल ते कर" हा होकार नाही. आईचं "बघ बाबा, तुझं तू" तर नाहीच नाही. ताटाकडे बघत म्हटलेलं ते वाक्य असतं; त्यावर विसंबून राजीनामा टाकू नका. "तुला यात सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?" असं एकेकाला वेगळं विचारा. पाहुणे असताना किंवा गणपतीच्या गडबडीत हा विषय काढू नका.

टेंभू_ते_पुणे:
दुसरी बाजूही मांडायला हवी. मन मारून नोकरीत राहणं म्हणजे आपोआप त्याग नव्हे. घरच्यांनी न मागितलेला त्याग पुढे वीस वर्षं त्यांच्याकडूनच वसूल होतो: "तुमच्यासाठी मी काय काय सोडलं." मुलांच्या कानावर ते पडत राहतं. ही वसुलीही विचारून केलेली नसते.

आगरकरांनी एम.ए.च्या सुमारास आईला पत्र लिहिलं, की मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील अशी आशा धरू नकोस, मी पोटापुरत्या पैशावर समाधान मानणार आहे. पुढे न्यू इंग्लिश स्कूल (१८८०), डेक्कन एज्युकेशन सोसायटी (१८८४), फर्ग्युसन कॉलेज (१८८५) या कामात त्यांनी आयुष्य घातलं आणि १८९५ मध्ये वयाच्या ३९व्या वर्षी गेले. घराला त्याची झळ बसलीच असणार. पण आईला त्यांनी आधी सांगितलं, स्पष्ट सांगितलं. तुमच्या बाबतीत मला हेच पत्र महत्त्वाचं वाटतं. घरच्यांना गृहीत धरू नका, त्यांच्यापासून लपवूही नका.

मुदतही आधीच ठरवा. 'जमलं तर बघू' चालणार नाही. दुसऱ्या सत्राच्या शेवटी खात्यात अमुक रकमेपेक्षा कमी उरले तर अर्धवेळ काम घेणार, हे आजच लिहून बायकोकडे द्या.

मुक्काम_कोथरूड:
वेळेची यादी डोक्यात नव्हती, आज बसून करतो. राजीनामा या महिन्यात द्यायचा विचार होता. ९० दिवसांची नोटीस आहे.

जमाखर्च:
थांबा. ९० दिवस धरूनही ४ वर्षं ११ महिनेच होतात. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशाला, सलग ५ वर्षं सेवा लागते. ५ वर्षांच्या आत वादाला जागा राहते, तारीख ओलांडूनच निघा. सूत्र असं: शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. मूळ पगार ६०,००० असेल तर सुमारे १,७३,०००, म्हणजे तुमची जवळजवळ पाच महिन्यांची तूट. पीएफचंही तसंच: सलग ५ वर्षांच्या आत काढलात तर कर लागतो. आधीच्या कंपनीचं खातं या खात्यात वर्ग केलं असेल तर ती वर्षंही मोजली जातात. केलं नसेल तर ते आधी करून घ्या.