बाहेरच्यांशी गोड आणि घरात गप्प, असं अजून कुणाचं होतं का?

हेडसेटवाली:
पुण्यात हेल्थ इन्शुरन्सच्या कस्टमर केअरला आहे, कॅशलेस क्लेमचे कॉल घेते. दोन दिवस ऑफिस, बाकी घरून, बेडरूममध्येच टेबल टाकलंय. त्यामुळे हॉलमध्ये बसलेल्या सासूबाईंना माझं सगळं ऐकू जातं. "हो काका, कळतंय मला, तुम्ही आधी शांत व्हा, मी बघते काय करता येतं ते." आणि शिफ्ट संपवून बाहेर आले की त्यांनी चहाचं विचारलं तरी माझ्या तोंडून नुसतं "हं" निघतं. परवा म्हणाल्या, परक्यांना साखर आणि घरच्यांसाठी तोंडाला कुलूप. नवरा म्हणतो मीपण टोल फ्री नंबरच लावतो, निदान नीट बोलशील. हसले तेव्हा, पण लागलं ते.

कॉल कसे असतात सांगते. माणूस हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवरून बोलत असतो, डिस्चार्ज अडकलाय, फायनल मंजुरी ३ तासांत द्यायचा विमा नियामकाचा २०२४ चा नियम त्याला व्हॉट्सॲपवर आलेला असतो, आणि तो बरोबरच असतो हो, पण क्लेम पास करणं माझ्या हातात नाही, माझ्या हातात फक्त आवाज आहे. तो आईवरून शिव्या देतो आणि मी म्हणायचं तुमची अडचण समजतेय सर. नाही म्हटलं तर क्यूएवाले, म्हणजे आमचे कॉल तपासणारे, रेकॉर्डिंग ऐकून एम्पथीचे मार्क कापतात. (हो, एम्पथीला मार्क असतात आमच्याकडे.) शिवाय कॉल लांबला तरी ओरडा. एक ठेवला की दुसरा, पाणी प्यायला उठायचं तरी आधी स्टेटस बदलायचं.

पगार ठीक आहे, सोडायची नाहीये. विचारायचं एवढंच की संध्याकाळी घरच्यांशी बोलायला काही उरतच नाही, त्याचं काय करता तुम्ही लोक?

जुना रिकव्हरीवाला:
ताई मी उलट्या बाजूचा. कर्जवसुलीच्या कॉलिंगला होतो काही वर्षं. आम्हाला गोड बोलायचं नव्हतं, आवाज जड ठेवायचा, शिवी द्यायची नाही पण समोरच्याला घाम फुटला पाहिजे. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, म्हणून ७ ला सुटायचो आणि घरी येऊन पोराला गृहपाठ विचारायचो त्याच आवाजात, "कधी होणार? आज का उद्या? नक्की सांग." बायको म्हणायची, अहो त्याने हप्ता थकवलेला नाही. आता बाइकच्या शोरूमला सर्व्हिस काउंटरला आहे, तिथे गिऱ्हाईकाशी चार शब्द वाजले तरी कुणी मार्क कापत नाही, घरी बरा असतो. माझं मत विचाराल तर नोकरी बदला, बाकी सगळी मलमपट्टी.

नाव कशाला:
आमच्या आया दिवसभर शेतात राबून यायच्या, घरी दोन शब्द बोलायच्याच ना? हल्ली लोकांना बोलायचापण थकवा येतो.

वॉर्ड नंबर चार:
नाव कशाला, शेतात राग आला तर रागाच्या तोंडानेच खुरपता येतं. इथे रागावर हसू चढवून आठ-आठ तास बसायचं असतं. जमतंय का बघा एकदा.

ताई, मी सांगलीला खाजगी हॉस्पिटलात सिस्टर आहे. दादा म्हणतात नोकरी बदला, कुठे बदलणार, जिथे जाऊ तिथे माणसंच. माझं तुमच्यापेक्षा थोडं वेगळं आहे. मी पेशंटशी नाटक करत नाही, मला खरंच वाईट वाटतं, आणि तेच जास्त महागात पडतं. नाटक करून थकलेली घरी येऊन चिडते, मी बधीर होते. आई म्हणाली गुडघा दुखतोय की मला आधी गोळीचं नाव आठवतं, जवळ जाऊन बसावंसं वाटतच नाही. यावर मीच खूप रडलेय.

आम्ही एक ठरवून घेतलंय, आल्यावर पहिला अर्धा तास मला कुणी काही विचारायचं नाही. हे भांडणात ठरवलं नाही, एका रविवारी सगळ्यांचा मूड बरा असताना बोललो. आंघोळ करते आणि गच्चीवर वाळलेले कपडे काढायला एकटीच जाते. तुमचं घरून काम म्हणजे जास्त अवघड, आम्हाला निदान बसचा प्रवास तरी मिळतो, तुम्ही दार उघडलं की थेट घर. लॅपटॉप मिटला की चपला घाला, कोपऱ्यावरून कोथिंबीर घेऊन या, घरात असली तरी आणा. आणि त्या वेळात कुकर कोण लावणार हेही आधीच ठरवा, नाहीतर तो अर्धा तास गॅससमोरच जातो, अनुभव आहे.

फावला वेळ:
एमएला होतो तेव्हा वाचलेलं आठवलं. आर्ली हॉकशिल्ड म्हणून अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आहेत, इमोशनल लेबर, म्हणजे नोकरीसाठी भावना दाबायच्या किंवा दाखवायच्या ते काम, हा शब्द त्यांनीच रुळवला, १९८३ चं पुस्तक. त्यांनी अभ्यास केला एअर होस्टेसचा, आणि गंमत म्हणजे बिलं वसूल करणाऱ्यांचापण, म्हणजे ताई आणि दादा दोघांच्याही लाइनचा. सिस्टरनी सांगितला तो वरवरचा अभिनय आणि आतून वाटवून घेणं हा फरकही त्यात आहे. माझ्या डोक्यात राहिलं ते एअर होस्टेसचं ट्रेनिंग. त्यांना सांगायचे की विमानाची केबिन म्हणजे तुमच्या घरचा हॉल समजा आणि प्रवासी म्हणजे घरी आलेले पाहुणे. म्हणजे पाहुण्यांसाठीची माया कंपनी घरून उचलून नेणार, दिवसभर वापरणार, आणि संध्याकाळी खऱ्या हॉलमध्ये सासूबाई विचारणार कुठे गेली म्हणून.

हेडसेटवाली:
कोथिंबिरीचं पटलं, उद्यापासूनच. नवऱ्यालाही सांगेन, तो समजूतदार आहे तसा, जोक सोडले तर. प्रश्न सासूबाईंचा आहे, त्यांना वाटतं मी पंख्याखाली बसून फोनवर गप्पा मारते.

वॉर्ड नंबर चार:
वाटणारच. त्यांना फक्त तुमचंच बोलणं ऐकू येतं, शिव्या हेडफोनमध्ये. दिवसभर त्या सून गोड बोलतेय एवढंच ऐकतात, समोरचा काय बोलतोय ते त्यांना माहीतच नाही.

जुना रिकव्हरीवाला:
एकदा स्पीकरवर टाका.

हेडसेटवाली:
दादा, कस्टमरचा कॉल आहे, दुसऱ्या दिवशी बॅग भरावी लागेल 😄 पण सिस्टर, हे माझ्या डोक्यातच नव्हतं आलं. रविवारी जेवताना त्यांना एक कॉल दोन्ही आवाजांत करून दाखवते, नावगाव गाळून. शिव्या थोड्या सौम्य करीन.