मानेतली धमनी फाटून बायकोला स्ट्रोक आला, घरी सांभाळण्याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझी बायको ३९ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दिवाळीनंतर तिची मान आणि डोक्याची मागची डावी बाजू काही दिवस सलग दुखत होती. मग एका सकाळी गरगरायला लागलं, उलट्या झाल्या, डावीकडे तोल जाऊ लागला. हातपाय हलत होते, तोंड वाकडं नव्हतं, म्हणून पहिल्या दवाखान्यात पित्ताचं आणि चक्करेचं औषध मिळालं. पुढे सीटी स्कॅनमध्येही काही दिसलं नाही. एमआरआय आणि मानेची अँजिओग्राफी झाली तेव्हा निदान झालं: डाव्या व्हर्टिब्रल आर्टरीच्या (मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या) आतल्या अस्तराला चीर गेली, रक्त भिंतीत शिरून वाट अरुंद झाली आणि लहान मेंदूच्या पुढे जो मेंदूचा देठ असतो त्याच्या एका कडेचा रक्तपुरवठा तुटला. पन्नाशीच्या आत येणाऱ्या स्ट्रोकमागे हे कारण बऱ्याचदा सापडतं, असं न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले. अपघात, पार्लरमधलं मानेचं मालीश, मान मोडून घेणं, जोराचा खोकला, सगळं विचारून झालं. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं.

आता ती घरी आहे. अ‍ॅस्पिरिन चालू आहे, पुढच्या महिन्यात पुन्हा अँजिओ करून चीर भरलीय का ते बघणार आहेत. नाकातली नळी निघाली. गिळताना हनुवटी छातीकडे घ्यायची, हे जमतं. नाचणीची दाट आंबील, मऊ खिचडी जाते. पाणी आणि पातळ ताक मात्र अजून ठसका लावतं. आवाज घोगरा आहे, डावी पापणी थोडी खाली आलेली.

सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच आहे. तिच्या उजव्या हातापायाला गरम-थंड आणि दुखणं कळत नाही. स्पर्श कळतो, ताकद आहे, पण चटका कळत नाही. पोळी उलटताना बोट तव्याला लागलं आणि फोड आला तेव्हा आम्हाला समजलं. त्या दिवसापासून आईने तिला ओट्याजवळ येऊ द्यायचं बंद केलं. आईचं काळीज मला कळतं. पण त्यानंतर बायको एकदम गप्प झाली. 'मला पाहुणी करून ठेवलंय' एवढंच म्हणाली. मला मनापासून वाटतं की तिने स्वयंपाकघरात परत यावं. आंघोळीचं पाणी ती आता डाव्या हाताने बघते, ते नीट जमतंय. गॅससमोर काय करता येईल? इंडक्शन, लांब चिमटा, कोपरापर्यंतचे हातमोजे, यातलं खरोखर काय उपयोगी पडलं, ते ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी सांगावं. चक्कर अजून पूर्ण गेलेली नाही, तेव्हा उभ्याने करायची कामं कधीपासून द्यायची, हेही.

दुसरं म्हणजे थकवा. बाहेरून ती ठणठणीत दिसते, त्यामुळे येणारा-जाणारा 'हातपाय चालतात ना, मग झालं!' म्हणून जातो. प्रत्यक्षात अर्धा तास कोणाशी बोलली की संध्याकाळपर्यंत पडून राहते. मध्येच काही कारण नसताना रडू येतं. स्ट्रोकनंतर नैराश्य अनेकांना येतं आणि त्यावर उपचार असतात हे मला माहीत आहे, पण मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊ या म्हटलं की 'मी वेडी नाही' असं उत्तर येतं. तुम्ही हा विषय घरात कसा काढलात?

शाळेचं तर बोलायलाच ती घाबरते. चाळीस मुलांच्या वर्गात या आवाजाने शिकवायचं कसं? मुख्याध्यापिका समजूतदार आहेत, रजा अजून शिल्लक आहे. आवाजाची आणि गिळण्याची थेरपी एकत्र घेतलेल्या कोणाचा आवाज किती दिवसांनी भरला, हे कळलं तरी तिला आधार वाटेल. माइक लावून शिकवणारं कोणी असेल तर जरूर लिहा.

आणि नातेवाईक. गावाकडून काका लकव्यावर तेल लावून मान चोळणाऱ्या एका माणसाला घेऊन येणार म्हणतात. मानेला मालीश नको, झटका तर अजिबात नको, असं डॉक्टरांनी बजावलंय, आणि मी ते होऊ देणार नाही. पण काकांनी मला वाढवलंय, त्यांना दुखवायचं नाहीये. वडीलधाऱ्यांना पटेल असं हे कसं सांगितलंत?

आम्ही साताऱ्यात असतो. पुणे किंवा कोल्हापुरात गिळण्याच्या थेरपीचा अनुभव असलेले स्पीच थेरपिस्ट माहीत असतील तर नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आठवड्यातून एकदा प्रवास जमेल, कारमध्ये तिला मागच्या सीटवर मानेला आधार देऊन बसवतो.