मीठ घातल्यावर क्लोरेलात तेल खरंच वाढतं का?

पाषाणचा_शेवाळवाला
नमस्कार मंडळी, एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे, इथेच पुण्यात. क्लोरेला व्हल्गॅरिस हे एकपेशीय हिरवं शेवाळ बीजी-११ मध्ये (शेवाळ वाढवायचं क्षारांचं द्रावण, म्हणजे मीडिया) वाढवतोय, गाइड म्हणाले मीठ घालून बघ, ताण आला की तेल वाढतं. ०.१, ०.२ आणि ०.४ मोलर असे फ्लास्क लावलेत. ०.१ जरा मंद आहे, ०.२ पिवळट पडलाय आणि ०.४ वाला सरळ तळाशी बसलाय, हलवला तरी गुठळ्याच. तेलाचा टक्का ०.२ मध्ये कंट्रोलपेक्षा (बिनमिठाच्या फ्लास्कपेक्षा) बराच जास्त येतोय पण वाळवलेल्या शेवाळाची पावडर इतकी कमी निघते की काय सांगू. मग तेल वाढलं म्हणायचं की नाही? आणि लॅबचं मीठ संपलंय, किचनमधलं चालेल का?

कोथरूडकर_ताई
टक्का बघून हुरळून जाऊ नकोस रे, लिटरमागे दिवसाला किती मिलिग्रॅम तेल मिळालं ते काढ. समज कंट्रोलमध्ये लिटरला १ ग्रॅम बायोमास (वाळलेलं शेवाळ) आणि २० टक्के तेल, म्हणजे २०० मिलिग्रॅम. मिठात टक्का ३५ झाला पण बायोमास अर्ध्यावर आला तर १७५ च. टक्का वाढून तेल घटलं!
होतं काय, की बाहेर मीठ वाढलं की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं, आत सोडियम शिरतं, ते बाहेर फेकायला आणि प्रोलीनसारखी द्रव्यं बनवायला ऊर्जा जाते. विभाजन अडतं, पण प्रकाश मिळतोय तोवर थोडाफार कार्बन आत येतच राहतो, मग तो स्टार्च नाहीतर ट्रायग्लिसराइड म्हणजे तेल म्हणून साठवला जातो. ताण फार झाला की प्रकाशसंश्लेषणच बसतं आणि साठवायलाही काही उरत नाही, तुझ्या ०.४ चं तेच झालेलं दिसतंय. लिटरला २३ ग्रॅमच्या वर मीठ आहे त्यात, समुद्रात सगळे क्षार मिळून ३५ च्या आसपास असतात.

टीडीएस_९००
किचनचं नको. त्यात आयोडीन असतं, गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेलं काहीबाही असतं. सैंधव तर अजिबात नको. आणि मीडिया डिस्टिल्डमध्येच करताय ना? आमच्या बोअरच्या पाण्यात मीठ न घालताच प्रयोग होईल 😄

खडूस_रिव्ह्यूअर
वाढ कशावर मोजताय? ओडी (द्रावणाचा गढूळपणा) ६८० नॅनोमीटरच्या प्रकाशावर घेत असाल तर सोडून द्या, क्लोरोफिल कमी झालं की आकडा पडणारच, पेशी तेवढ्याच असल्या तरी. ७५० वर घ्या, आणि गुठळ्या झाल्यात तिथे तेही खरं नाही, कोरडं वजनच करा. पण ते करताना पेलेट (सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी बसलेला पेशींचा गोळा) धुता का? ०.२ मोलरचा १ मिली मीडिया जरी अडकून राहिला तरी जवळपास १२ मिलिग्रॅम मीठ तुमच्या वजनात शिरलं, आणि तुमची पावडर मुळात किती ते तुम्हीच सांगितलंय. नुसत्या डिस्टिल्डने धुतलं तर मिठाला सरावलेल्या पेशी फुटू शकतात, अमोनियम बायकार्बोनेटने धुवा, वाळवताना ते उडून जातं.
दुसरं, कंट्रोलमधला नायट्रेट आधी संपतो कारण तिथे वाढ जोरात असते, आणि नायट्रोजन संपला की तेल तसंही वाढतं. म्हणजे नायट्रेट मोजल्याशिवाय मिठामुळे किती आणि उपाशी राहिल्यामुळे किती हे कळायचं नाही.

पाषाणचा_शेवाळवाला
६८० वरच घेत होतो 🙈 मग आता मीठ घालूच नको का?

कोथरूडकर_ताई
घाल की, पण उशिरा. आधी साध्या बीजी-११ मध्ये भरपूर वाढू दे, वाढ मंदावायला लागली की मीठ घाल आणि रोज थोडं थोडं सॅम्पल काढ, शेजारी बिनमिठाचा फ्लास्क त्याच दिवसापासून ठेव. ०.४ सोड, ०.०५ आणि ०.१५ लाव. आणि जमलं तर जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ) फेम, म्हणजे तेलातल्या फॅटी अ‍ॅसिडचे मिथाइल एस्टर, मोजून घे, क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने काढलेल्या तेलात क्लोरोफिलपण येतं, सगळंच कामाचं नसतं.

मी_नुसता_वाचतो
एवढं सगळं करण्यापेक्षा कोकणातून कॅनभर समुद्राचं पाणी आणलं तर?

खडूस_रिव्ह्यूअर
मग ड्युनालिएला नावाचं दुसरं शेवाळ वाढवा. ती मिठातलीच आहे, ग्लिसरॉल बनवून निवांत जगते. क्लोरेला व्हल्गॅरिसला नका नेऊ तिकडे.