मदत हवी आहे: तिसऱ्या पिढीची टोयोटा एमआर-टू घ्यावी का? ज्यांच्याकडे आहे किंवा होती त्यांनीच सांगा

नमस्कार मंडळी,

बऱ्याच वर्षांची हौस आता कुठे पुरी होण्याच्या बेतात आहे, आणि ऐन वेळी माझेच पाय लटपटायला लागलेत. म्हणून हा धागा.

गाडी टोयोटा एमआर-टू, तिसरी पिढी, म्हणजे १९९९ ते २००७ मध्ये निघालेली उघड्या टपाची. जपानात हिला एमआर-एस म्हणत, कुठे स्पायडर तर कुठे रोडस्टर. (फ्रान्समध्ये नुसतंच एमआर. 'एमआर-टू' फ्रेंचमध्ये भरभर म्हटलं की चारचौघांत उच्चारू नये असा शब्द ऐकू येतो, म्हणून 'टू' गाळला.) मी पाहून आलो ती २००१ ची आहे. १ लाख १८ हजार किमी झालेत, पाच गिअर, साधा क्लच, कापडी टप ठीकठाक.

वीस मिनिटं चालवली. पहिल्या पाच मिनिटांत वाटलं, एवढंच? पिकअप काही पाठ सीटला चिकटवणारा नाही. मग एक लांब वळण आलं आणि स्टिअरिंग मी नुसतं मनात वळवलं असावं इतक्या सहज नाक आत गेलं. इंजिनाचा आवाज समोरून न येता मानेच्या मागून येतो, त्याची सवय व्हायला जरा वेळ लागला. परत आलो तेव्हा तोंड दुखत होतं, वीस मिनिटं हसत होतो बहुतेक.

आता अडचण. ज्याला ज्याला विचारलं त्याचं मत तयार होतं, पण त्यातल्या एकाकडेही ही गाडी कधी नव्हती. एक म्हणतो १४० हॉर्सपॉवरला स्पोर्ट्स कार म्हणतात का. दुसरा म्हणतो हिला डिकीच नाही, टूथब्रश ठेवायला जागा शोधशील. तिसरा म्हणतो इंजिन मधोमध असलेल्या गाड्या पावसात गर्रकन फिरतात, मुकाट्याने माझदा एमएक्स-५ घे (तीही दोन सीटची उघड्या टपाची, पण इंजिन पुढे). आणि वाचून वाचून जी धास्ती बसलीय ती वेगळीच: सुरुवातीच्या वर्षांची इंजिनं ऑइल पितात, मग प्री-कॅट नावाचा काहीतरी प्रकार फुटतो आणि इंजिन बसतं. यात खरं किती, आणि घेण्याआधी ते ओळखायचं कसं?

विक्रेता म्हणतो, "ऑइलचं टेन्शन नाही, थेंबभरही पीत नाही." मी ऑइलचा विषय काढायच्या आधीच हे म्हणाला, तेव्हापासून मला जास्त टेन्शन आहे.

रोज वापरणार नाही. आठवड्यातून दोनदा, कधीतरी दोघांनी बाहेरगावी. कृपया स्वतःच्या अनुभवावरून सांगा. ऐकीव माहितीचा माझ्याकडे भरपूर साठा आहे.

आगाऊ धन्यवाद.

——

प्रतिसाद १

नऊ वर्षं आहे माझ्याकडे. डिकीचं सांगतो.

मागचं झाकण उघडलंत तर खाली इंजिन. पुढचं बॉनेट उघडलंत तर स्पेअर चाक आणि त्याच्या आजूबाजूला चार फडकी मावतील एवढी जागा. सामान जातं ते सीटच्या मागच्या कुलूपबंद कप्प्यांत, आणि त्यांची झाकणं उघडायला सीट पुढे झुकवावी लागते. म्हणजे पाऊस पडत असताना आधी आपण उतरायचं, मग सामान. कडक सूटकेस विसरा. मऊ कापडी पिशव्या घ्या, त्या कोंबता येतात. दोघं चार दिवसांसाठी जाऊन आलो आहोत. माणशी बुटांची एकच जोडी, पायातली.

याची सवय झाली की त्रास वाटत नाही. ज्यांना वाटतो त्यांनी खरंच एमएक्स-५ घ्यावी, ती वाईट गाडी नाही.

——

प्रतिसाद २

ऑइलबद्दल मी लिहितो. बाकी सगळं नंतर.

इंजिन १७९४ सीसीचं वनझेडझेड-एफई. हेच त्या काळात कोरोला आणि सेलिकातही होतं, आणि ज्यांना 'साधं कोरोलाचं इंजिन' म्हणून नाक मुरडायचंय त्यांच्या माहितीसाठी, २००६ च्या लोटस एलिस एस या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्येही हेच बसवलं होतं. तिथे कोणी नाक मुरडत नाही. ॲल्युमिनियम ब्लॉक आहे, टायमिंग चेन आहे, म्हणजे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायची भानगड नाही.

दुखणं पिस्टनमध्ये आहे. ऑइल रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडते आणि ते रिंगच्या खाचेतल्या भोकांतून खाली परत जातं. सुरुवातीच्या वर्षांच्या पिस्टनना ही भोकं अपुरी पडतात. ऑइल बदलायला आळस केला की त्यांत काजळी बसते, रिंग जागच्या जागी चिकटते, आणि जे ऑइल खाली जायला हवं ते वर जळतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर कोरोलावाल्यांसारखं आपणही वरून ऑइल टाकत बसलो असतो. पण या गाडीत एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्येच, इंजिनाच्या अगदी तोंडाशी, दोन छोटे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारे डबे) आहेत. तेच प्री-कॅट. आत सिरॅमिकची बारीक जाळी असते. जळक्या ऑइलने ती खराब होते, भुरभुरायला लागते, आणि ती पूड सगळीच सायलेन्सरकडे जात नाही. एक्झॉस्ट आणि इनटेक दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे असतात, तेव्हा थोडी उलटी आत ओढली जाते. सिलिंडरच्या आत पॉलिशपेपर फिरवल्यासारखं होतं. मग ऑइल आणखी जळतं, जाळी आणखी फुटते. आधी रिंग की आधी जाळी, यावर मालकांची जुनी भांडणं आहेत. माझ्या मते बहुतेक वेळा सुरुवात रिंगपासून होते, पण शेवट एकच.

तपासायचं असं. विक्रेत्याला आदल्या दिवशी सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावायच्या आधी मागचं झाकण उघडून इंजिनावर हात ठेवा. गरम लागलं तर चहा पिऊन निघा. गार असेल तर डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला, परत काढा. लक्षात घ्या, पूर्ण इंजिनात ऑइलच ३.७ लिटर मावतं. त्यातलं लिटरभर गेलं म्हणजे पाव भागाहून जास्त गेलं, आणि तशीच गाडी रेटणारे महाभाग आहेत.

मग मॅनिफोल्डवरचे दोन ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकांतून टॉर्च मारा, कॅमेरा असेल तर उत्तम. जाळी मधमाशांच्या पोळ्यासारखी सलग दिसली पाहिजे. कडा खाल्लेल्या किंवा मध्ये खड्डा दिसला तर पुढे बोलूच नका. बऱ्याच मालकांनी प्री-कॅट नसलेला मॅनिफोल्ड बसवून घेतलेला असतो (मुख्य कॅट पुढे वेगळा असतोच). तसं असेल तर उत्सर्जन चाचणीत चालतं का ते बघा, आणि बदलला कधी ते विचारा. गाडी ऑइल प्यायला लागल्यावर बदलला असेल तर चोर गेल्यावर कुलूप लावल्यासारखं आहे.

कूलंटकडेही बघा. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. वाकून त्यांचा गंज बघा. आणि कूलंट बदलल्यावर हवा काढायला धीर लागतो. घाईत काम उरकणाऱ्या मेकॅनिकला हे देऊ नका.

——

प्रतिसाद ३

पावसात गर्रकन फिरण्याबद्दल. १९८९ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या बदनामीचं बिल दर वेळी हिच्या नावावर फाडलं जातं. ही गाडी वेगळी आहे. वजन टनाच्या आतबाहेर, लांबी ३८८५ मिमी आणि त्यात २४५० चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), म्हणजे चाकं अगदी कोपऱ्यांत. काय चाललंय ते ती आधी सांगते.

पण मी फिरवलेली आहे, खोटं कशाला बोलू. ओला रस्ता, उजवं वळण, वेग काही फार नव्हता. पुढची चाकं जराशी बाहेर सरकली. मी घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन काढला. वजन पुढे आलं, मागचं अंग हलकं झालं, आणि पुढच्या क्षणी मी ज्या दिशेने आलो तिकडे तोंड करून उभा. सुदैवाने मागून कोणी नव्हतं. पाच मिनिटं तिथेच वायपरचा आवाज ऐकत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी कारण सापडलं. गाडी घेताना टायर बघितले होते, पुढच्यांवर नक्षी नव्यासारखी होती, खूश झालो होतो. नीट पाहिलं तर त्यांच्या कडेवरच्या तारखेप्रमाणे ते नऊ वर्षांचे! या गाडीला पुढे वजन कमी, त्यामुळे पुढचे टायर झिजतच नाहीत, आधी म्हातारे होतात. मागचे झिजतात म्हणून लोक मागचेच बदलत राहतात. पुढे दगडासारखं रबर आणि मागे नवं, मग ओल्यात पुढची चाकं धरणार कशी? टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२१४ म्हणजे २०१४ चा बत्तिसावा आठवडा. तेवढं वाचून या.

आणि बदलताना आकार नीट बघा. जुन्या गाडीला पुढे १८५/५५, मागे २०५/५०, दोन्ही १५ इंची. २००३ च्या फेसलिफ्टनंतर (कंपनीने मॉडेलमध्ये केलेल्या किरकोळ बदलांनंतर) मागे १६ इंची २१५/४५. दुकानदार चारी सारखे घ्या म्हणेल, ऐकू नका.

——

प्रतिसाद ४

मी विकली. तीन वर्षं होती. हमरस्त्यावर कापडी टपाखाली दोन तास बसलं की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागायचं, आणि माझा बहुतेक प्रवास हमरस्त्यावरचाच होता. चूक माझी, गाडीची नाही.

एक सूचना: क्लचचं पेडल नसलेली एसएमटीवाली दिसली तर मोहात पडू नका. गिअरबॉक्स मॅन्युअलच आहे, क्लच मात्र हायड्रॉलिक यंत्रणा दाबते. ती बिघडली की दुरुस्ती जाणणारा माणूस शोधण्यातच महिना जातो.

१४० हॉर्सपॉवरवाल्या मित्राला एकदा बाजूला बसवून वळणांचा रस्ता दाखवा. सरळ रस्ता दाखवू नका.

——

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल परत जाऊन आलो. आदल्या दिवशी निरोप दिला होता, इंजिन खरंच गार होतं, म्हणून म्हटलं माणूस सरळ दिसतोय.

डिपस्टिक काढली. पुसली. परत घातली. काढली तर टोकाशी, खालच्या खुणेच्याही खाली, काळी ओली रेघ तेवढी. विक्रेता म्हणाला, "गाडी उतारावर उभी आहे ना." अंगण सपाट होतं. पुढचे टायर सात वर्षांचे निघाले, नक्षी सुंदर.

मग प्रतिसाद १ आठवला, म्हटलं निदान सामानाची जागा तरी बघू. सीट पुढे झुकवली, कप्प्याचं झाकण उघडलं. आत ऑइलचा डबा, अर्धा रिकामा. शेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं नरसाळं. आम्ही दोघंही थोडा वेळ त्या नरसाळ्याकडे बघत राहिलो.

सेन्सर काढून बघण्यापर्यंत गेलोच नाही. बरोबर केलं ना? कारण खरं सांगू, परत येताना फार वाईट वाटलं. रंगसुद्धा मला हवा तोच होता.

——

प्रतिसाद २

बरोबर केलंत. पण चुकीच्या कारणाने सोडू नका. डबा आणि नरसाळं माझ्याही गाडीत, त्याच कप्प्यात आहे. दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघतो, लागलं तर टाकतो. डबा बाळगणारा मालक चांगलाच. डबा बाळगून "थेंबभरही पीत नाही" म्हणणारा, आणि वर डबा असूनही पातळी खाली जाऊ देणारा, त्याच्याकडून गाडी घ्यायची नाही. पुढच्या वेळी "पिते का" असं विचारूच नका. "हजार किलोमीटरला किती" असं विचारा.

——

धागाकर्ता

तसंच विचारलं. आज एकाशी फोनवर बोललो, २००४ ची आहे, सहा गिअरची, २ लाखांच्या जवळ फिरलेली. इतके किलोमीटर बघून मी आधी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. "हजारला किती?" म्हटल्यावर पलीकडे क्षणभर शांतता, मग कागद उलटल्याचा आवाज. "मागच्या महिन्यात दीडशे मिली. त्याच्या आधी काही नाही. थांबा, मार्चमध्ये पण थोडं टाकलंय."

वहीत लिहून ठेवतात म्हणे. शनिवारी वही बघायला जातोय, गाडी पण बघेन.