स्वयंपाकघरात दगडी फरशी: जुनी लादी उखडायची की तिच्यावरच चिकटवायची?

ओळंबा
जुन्या इमारतीत स्वयंपाकघराचं काम निघालं की मोझॅक लादीवरच दगड चिकटवून मोकळं व्हायची पद्धत वाढली आहे. कोटा किंवा शहाबादी दगडाची फरशी लावायची असेल तर मी याच्या पूर्ण विरोधात आहे. जुनी लादी खालच्या मालासकट, म्हणजे सिमेंट-वाळूच्या थरासकट उखडा.

कारण दगडातच आहे. कोटा खाणीत थराथराने सुटतो. एकाच गाडीतली एक फरशी १८ मिमी भरते, शेजारची २६. चिकटवायचा लेप असतो ५-६ मिमीचा, त्यात हा फरक मावत नाही. मग कारागीर पातळ फरशीखाली लेपाचे गोळे ठेवतो, चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक. गोळ्यांमधली जागा पोकळ राहते. त्यावर भरला कुकर पडला की टवक्यावर निभावत नाही, फरशी आरपार तडकते.

मालात हाच फरक सहज जिरतो. १:६ चा (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) अर्धसुका माल सरासरी ४० मिमी पसरायचा. फरशी त्यावर कोरडीच ठेवून रबरी हातोडीने ठोकायची, उचलायची, खाली दिसणारे खड्डे भरायचे, सिमेंटची रबडी ओतायची आणि मगच कायमची बसवायची. फरशीची पाठ धुतलेली हवी. कटाईची भुकटी राहिली तर रबडी भुकटीला धरते, दगड सुटाच राहतो. १०० चौ. फुटांना ११० चौ. फूट दगड, सिमेंटच्या ३ गोण्या आणि १५ घनफूट वाळू धरा.

रंधा
ओळंबा, कोट्यापुरतं मान्य. पण सरसकट ‘उखडा’ म्हणू नका. लादी आणि माल मिळून ६५ मिमी धरलं तर १०० चौ. फुटांचा राडारोडा सव्वा टन होतो. म्हणजे २५ किलोच्या ५० गोण्या, जिन्याने खाली. आणि फोडायचं ब्रेकर मशीन चाललं की सिंकच्या आणि मोरीच्या बाजूचं वॉटरप्रूफिंग फाटतं. ते नव्याने केलं नाही तर ओल खालच्या घराच्या छतात उतरते.

त्यापेक्षा एकसारख्या जाडीचा, १८ मिमीचा ग्रॅनाइट घ्या आणि चिकटवा. आधी प्रत्येक लादीवर नाण्याने टकटक करायचं. पोकळ वाजेल ती काढून जागा मालाने भरायची. मोझॅकवर वर्षानुवर्षांचं तेल आणि मेण असतं, ते ग्राइंडरने घासून काढायचं, छिन्नीने नुसते टाचे (खाचा) मारून भागत नाही. साधं टाइल ॲडेसिव्ह इथे नको. आयएस १५४७७ या टाइल ॲडेसिव्हच्या भारतीय मानकातला प्रकार ३ किंवा त्यावरचा हवा. दात्यांच्या थापीने लेप ओढायचा आणि दगडाच्या पाठीलाही पातळ हात द्यायचा. १०० चौ. फुटांना २० किलोच्या ४ ते ५ गोण्या लागतात. पहिल्या काही फरशा बसवल्यावर एक लगेच उचलून बघा. पाठीवर सगळीकडे लेप लागलेला दिसला तरच पुढे जा.

शहाबादी
रंधा, वजन आणि उंची दोन्ही तुमच्या हिशेबातून सुटलं. १८ मिमी ग्रॅनाइट आणि लेप मिळून चौ. मीटरला ५५ ते ६० किलो होतात. घराच्या स्लॅबवर माणसं-सामानाचा भार चौ. मीटरला साधारण २०० किलो धरतात. त्यातला चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग तुम्ही कायमचा अडवलात. उखडून लावलं तर जुनं वजन जातं, नवं तेवढंच येतं.

आणि जमीन इंचभर वर येते. स्वयंपाकघर हॉलपेक्षा अर्धा इंच खाली ठेवलेलं असतं ते पाण्यासाठीच. आता उतार उलटा, सांडलेलं पाणी थेट हॉलमध्ये. दार तासावं लागतं, नहाणी ट्रॅपची (सांडपाणी जायच्या भोकाची) जाळी खड्ड्यात जाते, ओटा इंचाने बुटका होतो.

रंधा
उंचीचा मुद्दा जुना ओटा ठेवणाऱ्यांना लागू आहे. ओटा नवा होणार असेल तर त्याची उंची नव्या फरशीपासून मोजायची आणि दारात दगडी पट्टीचा उंबरा द्यायचा. ट्रॅपची जाळीही तेवढीच उचलता येते. वजनाचं मात्र खरं आहे. खालच्या छताला तडे असतील किंवा सळई दिसत असेल तर चिकटवू नका, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

सांडशी
या जागेत रोज काय सांडतं ते आधी बघा. लिंबू, चिंच, कोकम, लोणच्याचा खार. कोटा, शहाबादी, कडप्पा, संगमरवर या सगळ्यांत चुना असतो. आंबट पडलं की दगडाचा वरचा पापुद्राच विरघळतो आणि पांढुरका, मंद डाग राहतो. सीलरने, म्हणजे दगडावर लावायच्या संरक्षक द्रवाने, हे थांबत नाही. तो तेल-हळद आत मुरायला उशीर लावतो, बस. तुकडा घरी आणा, लिंबाचा थेंब पाच मिनिटं ठेवा, पुसा आणि तिरप्या उजेडात बघा. ग्रॅनाइटवर खूण उमटत नाही. काळा ग्रॅनाइट घेताना पांढऱ्या फडक्यावर ॲसिटोन घेऊन घासा. फडकं काळं झालं तर तो रंगवलेला दगड आहे.

ओळंबा
सांडशी, तो डाग आरशासारख्या पॉलिशवर उठून दिसतो. कोट्याला पॉलिश मशीनच्या ८० नंबरच्या घासायच्या दगडापासून सुरू करून ४०० वर थांबा. मंद चकाकी राहते, डाग त्यात मिसळतो, आणि दहा वर्षांनी पुन्हा मशीन मारून तीच फरशी नवी करता येते. चिकटवलेल्या गुळगुळीत ग्रॅनाइटवर तेल-पाणी सांडलं की पाय घसरतो, त्याचं काय? लेदर फिनिश (खरबरीत पोत) घ्याल तर खाचांत पीठ आणि तेल बसतं.

पॉलिशची घाई मात्र नको. फरशी बसल्यावर सात दिवस पाणी, मशीन दहाव्या दिवसानंतर, आणि सीलर माल पूर्ण वाळल्यावर, तीन-चार आठवड्यांनी. ओलसर असताना सील केलं तर आतलं पाणी क्षार घेऊन सांध्यांतून फुटतं.

सांडशी
मग ट्रॉल्या त्याआधी बसवू देऊ नका. पॉलिशचा चिखल प्लायच्या कडेत शिरला की पट्टी फुगते, आणि ओट्याखाली मशीन पोचतही नाही.