महागडा क्लॅट क्लास: तुमच्या घरी काय अनुभव आला?

टिळकनगरची आत्या

दसऱ्यानंतर कपाट आवरताना मुलीची जुनी फाइल हाती लागली आणि तिच्यात क्लॅटच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेच्या, क्लासची पावती निघाली. रक्कम १,१०,००० रुपये, साल २०१९. योगायोग असा की त्याच आठवड्यात धाकट्या भावाचा फोन आला. भाची अकरावीत, कॉमर्सला आहे. इथे इंदूरला गीता भवनजवळच्या एका क्लासने चौदा महिन्यांच्या वर्गासाठी १,४०,००० रुपये सांगितले आहेत आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी धरला की १,६५,२०० होतात. ऑनलाइन अभ्यासक्रम मात्र सराव परीक्षांच्या टेस्ट सिरीजसह २२,००० रुपयांत मिळतो आहे. भावाने विचारले, "ताई, तुम्ही एवढे पैसे भरले होते, त्याचे शेवटी काय झाले?" फोनवर मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आणि तुम्हा सर्वांचे अनुभवही मागते.

आमच्या वेळी क्लॅट दोनशे प्रश्नांची होती. पहिले सहा-सात महिने मुलीने क्लासचे जाडजूड ग्रंथ वाचले, लॅटिन कायदेसूत्रे घोकली, राजधान्या आणि पुरस्कार पाठ केले. मग २०१९ संपता संपता राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या कन्सॉर्टियमने पद्धत बदलल्याचे जाहीर केले. आता दीडशे प्रश्न येणार होते आणि तेही उतारे देऊन. क्लासकडे नव्या पद्धतीचे साहित्य तयारच नव्हते. जानेवारीत स्टेपल केलेल्या काही झेरॉक्स प्रती मिळाल्या, मार्चमध्ये टाळेबंदीमुळे वर्गच बंद झाला आणि मे महिन्यातली परीक्षा पुढे जात जात अखेर २८ सप्टेंबर २०२० रोजी झाली. पैसे परत मागण्याचे तेव्हा सुचलेही नाही.

तरीही ते सगळे पैसे वाया गेले असे मला म्हणता येत नाही. तिथे इंग्रजी शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या रोज दोन अग्रलेख मोठ्याने वाचून घेत आणि एकच प्रश्न विचारत, "लेखकाचे म्हणणे एका वाक्यात सांग." टाळेबंदीत वर्ग बंद झाल्यावरही त्यांनी फोनवरून हा परिपाठ सोडला नाही. मुलीला प्रवेश मिळाला आणि यंदा ती पदवीधर झाली. तिला विचारले तर ती आजही त्या बाईंचेच नाव घेते, ग्रंथांचे नाही. आता त्या एका बाईंसाठी १,१०,००० रुपये योग्य होते का, हे मला खरोखर ठरवता येत नाही.

सुदामानगरचे बाबा

आम्ही भरले आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. मुलगा आठवीपर्यंत हिंदी माध्यमात होता. इंग्रजी उतारा समोर आला की दुसऱ्या परिच्छेदात त्याचे लक्ष उडायचे. मी बँकेतून सात वाजता घरी येतो आणि त्याची आई शाळेत शिकवते, त्यामुळे त्याला रोज कोणी तरी समोर बसवून वाचायला लावणे आम्हा दोघांना शक्य नव्हते. क्लासमध्ये तो रोज तीन तास बसला. पहिल्या मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, त्याचे ३४ गुण होते, शेवटच्या मॉकमध्ये ७९ होते. आज तो जबलपूरच्या धर्मशास्त्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात आहे. ज्या मुलाला वाचनाची सवय आधीपासून आहे, त्याच्या पालकांनी मात्र माझे उदाहरण घेऊ नये.

एनआयएलयू भोपाळ, माजी विद्यार्थिनी

वर नावात अक्षरे उलटली आहेत, एनएलआययू (भोपाळचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ) असे वाचावे. मोबाइलवरून लिहिते आहे.

मी क्लास लावला नव्हता. टेस्ट सिरीज घेतली आणि कन्सॉर्टियमच्या संकेतस्थळावर असलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या. आत्या, तुमच्या भाचीला आधी परीक्षेचे गणित समजावून सांगा, कारण डिसेंबर २०२३ पासून ते पुन्हा बदलले आहे. आता १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात. चालू घडामोडींसह सामान्य ज्ञानाचे २८ ते ३२, लीगल रिझनिंगचेही (कायदेविषयक तर्क) तेवढेच, इंग्रजी आणि लॉजिकल रिझनिंगचे (तर्कबुद्धी) प्रत्येकी २२ ते २६ आणि गणिताचे १० ते १४. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, म्हणजे चार चुका झाल्या की एक बरोबर उत्तर हातचे गेले.

लीगल रिझनिंगसाठी कायदा आधीपासून यावा लागत नाही. नियम उताऱ्यातच दिलेला असतो आणि तो दिलेल्या प्रसंगाला लावायचा असतो. त्यामुळे कायद्याच्या कलमांची जाडी पुस्तके दाखवून जो क्लास जास्त शुल्क मागतो, त्याला एवढेच विचारावे की या पुस्तकांचा परीक्षेत नेमका कुठे उपयोग होईल.

मला ज्याचा खरा उपयोग झाला, ती दोनशे पानी वही होती. प्रत्येक मॉकनंतर प्रत्येक चुकीपुढे मी कारण लिहायचे: उतारा नीट वाचला नाही, दोन पर्यायांत अंदाज केला, माहितीच नव्हती, किंवा वेळ संपला. दोन तासांच्या मॉकला तीन तासांचे परीक्षण लागायचे. दहाव्या मॉकनंतर दिसले की माझ्या निम्म्या चुका दोन पर्यायांत अंदाज करण्याच्याच होत्या. हे मला कोणत्याही क्लासने सांगितले नसते, कारण साठ मुलांच्या वर्गात माझी वही उघडून पाहायला वेळ कोणाला असणार?

सुदामानगरचे बाबा

ताई, आमच्या मुलाच्या क्लासमध्ये दर पंधरा दिवसांनी एक शिक्षक प्रत्येकाच्या मॉकची चर्चा एकेकट्याशी करत असत. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी हाच प्रश्न विचारावा असे मी सुचवेन. वर्गात मुले किती, आणि मॉक झाल्यावर माझ्या मुलाशी स्वतंत्रपणे कोण बोलणार, किती वेळा बोलणार?

दोन मुलांची आई, राजेंद्रनगर

आमच्याकडे तर तिसऱ्याच महिन्यात मुलीने जायचे नाही म्हणून सांगितले. हप्त्यांची सोय आहे म्हणून आम्ही होकार दिला होता आणि नंतर कळले की ते हप्ते म्हणजे एका वित्तसंस्थेचे कर्ज होते, क्लासने त्याची सगळी रक्कम आधीच उचललेली होती. मुलगी घरी बसली आणि हप्ते चालू राहिले. क्लासमध्ये चार वेळा जाऊन आले, दर वेळी व्यवस्थापक उद्या भेटतील असे सांगतात. कुकर लावला आहे, रात्री उरलेले लिहिते. कोणाला काही मार्ग माहीत असेल तर कृपया सांगा.

इंदूर खंडपीठातील एक वकील

ताई, आधी सगळी कागदपत्रे एकत्र करा: पावती, प्रवेश अर्ज, कर्जाचा करार आणि मुलीने क्लास सोडल्याचा लेखी अर्ज. तो अर्ज दिला नसेल तर आजच ईमेलने द्या, म्हणजे तारीख नोंदली जाईल. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. पूर्ण शुल्क भरलेला विद्यार्थी मध्येच सोडून गेला तर उरलेल्या काळाचे शुल्क त्या प्रमाणात दहा दिवसांत परत करावे, असे त्यांत म्हटले आहे. ही तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे, त्यामुळे केवळ त्यांच्या आधारावर पैसे लगेच मिळतील असे मी म्हणणार नाही. पण राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक क्लासला कळवला की बोलण्याचा सूर पुष्कळदा बदलतो. त्यानेही झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

याच ओघात आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. भंवरकुआंपासून पलासियापर्यंत फलकांवर यशस्वी मुलांचे चेहरे लावलेले असतात आणि पालक त्या चेहऱ्यांकडे पाहून पैसे भरतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये याविषयी नियमावली काढली आहे. तिच्यानुसार निकाल लागल्यानंतर मुलाची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचे नाव किंवा छायाचित्र वापरता येत नाही, आणि त्याने कोणता अभ्यासक्रम किती काळ केला होता व तो सशुल्क होता का, हेही जाहिरातीत सांगावे लागते. फलकावरच्या मुलाने तुम्हाला विकला जात असलेला वर्गच केला होता की फक्त शेवटची मॉक चाचणी दिली होती, एवढे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

दोन मुलांची आई, राजेंद्रनगर

मनापासून आभार, दादा. ईमेल आत्ताच पाठवला.

ड्रॉप घेतलेली

मुलगी क्लास का सोडते, हेही कोणी तरी लिहायला हवे, म्हणून लिहिते.

मी ज्या क्लासमध्ये होते, तिथे दर महिन्याच्या मॉकनुसार बॅच बदलत असे. वरच्या बॅचला अनुभवी शिक्षक मिळायचे आणि आमच्या बॅचला नुकतेच रुजू झालेले. शुल्क मात्र सगळ्यांचे सारखेच होते. तीन महिने मी तिसऱ्या बॅचमध्ये राहिले. घरी सांगायची लाज वाटायची, कारण बाबांनी त्यासाठी मुदत ठेव मोडली होती. रोज सकाळी डबा घेऊन निघायचे आणि वर्गात शेवटच्या बाकावर बसून परत यायचे. एवढा खर्च झाला आहे, आता आपल्याला जमलेच पाहिजे, हा विचार प्रत्येक उताऱ्याच्या आधी डोक्यात यायचा आणि मग उतारा दोनदा वाचूनही काही कळायचे नाही.

पहिल्या वर्षी प्रवेश झाला नाही, म्हणून एक वर्ष ड्रॉप, म्हणजे खंड, घेतला. दुसऱ्या वर्षी मी घरूनच अभ्यास केला, फक्त टेस्ट सिरीज घेतली आणि एका मैत्रिणीबरोबर रोज रात्री नऊ वाजता फोनवर दिवसभराच्या बातम्यांवर एकमेकींना प्रश्न विचारले. गुण वाढले. महागडा क्लास वाईटच असतो असे माझे म्हणणे नाही. पण मुलीला न विचारता तिच्यावर एवढी रक्कम लावली, तर तिचे ओझे तिलाच वाहावे लागते. आत्या, भाचीशी भावाने नव्हे, तुम्ही बोला.

लोकमान्यनगरचे आजोबा

वरचे पत्र वाचून गलबलून आले, बाळ. तुझे कौतुक वाटते.

मी निवृत्त शिक्षक. नातवासाठी क्लास लावायला माझ्या मुलाकडे पैसे नव्हते, म्हणून आम्ही दोघे दर रविवारी अहिल्या पुस्तकालयात जात असू. परीक्षेतला उतारा साधारण साडेचारशे शब्दांचा असतो असे नातवाने सांगितले, तेव्हा मी वर्तमानपत्रातले तेवढ्याच लांबीचे इंग्रजी लेख निवडू लागलो. तो वाचायचा, मी घड्याळ लावायचो. सुरुवातीला एका लेखाला पाच मिनिटे लागत, आठ महिन्यांनी दोन मिनिटे पुरू लागली. कायद्याचे मला काहीच कळत नाही, पण वाचून घेणे मला येत होते. गणितासाठी मात्र शेजारच्या मुलीची मदत घ्यावी लागली.

प्रशिक्षक, स्वयंसेवक

आजोबांसारखी माणसे प्रत्येक घरात नसतात. ज्यांची खरोखरच ऐपत नाही, त्यांनी इंक्रीजिंग डायव्हर्सिटी बाय इंक्रीजिंग अ‍ॅक्सेस, म्हणजेच इडिया या संस्थेकडे चौकशी करावी. प्राध्यापक शमनाद बशीर यांनी ती २०१० मध्ये सुरू केली. वंचित घरांतल्या मुलांना हेरून त्यांच्याकडून या परीक्षेची तयारी करून घेणे हेच तिचे काम आहे. शिवाय क्लॅटचा अर्जच खुल्या प्रवर्गासाठी ४,००० रुपयांचा आहे आणि प्रवेश मिळाल्यावर या विद्यापीठांचा वर्षाचा खर्च लाखांत जातो. हे सगळे एका कागदावर मांडून मगच क्लासला किती द्यायचे ते ठरवावे. पाच वर्षांच्या शुल्कासाठी राखलेली रक्कम तयारीतच संपवलेली घरे मी पाहिली आहेत.

इंदूर खंडपीठातील एक वकील

यांच्या म्हणण्याला जोडून लिहितो. सगळी मदार एकाच परीक्षेवर ठेवू नये. महाराष्ट्राच्या पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या सीईटीमध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि ती मराठीतूनही देता येते. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची आयलेट ही प्रवेश परीक्षा वेगळी असते. भोपाळला मध्य प्रदेशच्या रहिवाशांसाठी राखीव जागा आहेत, म्हणून रहिवासी दाखला आत्ताच काढून ठेवावा. मी स्वतः इथल्याच महाविद्यालयातून शिकलो आणि वकिली उत्तम चालली आहे.

बारावीची आई

आणखी एक विचार करावा. परीक्षा आता डिसेंबरात असते आणि बोर्ड लगेच फेब्रुवारीत. माझी मुलगी विजयनगरहून आय-बसने क्लासला जाऊन रात्री साडेआठला घरी पोहोचायची आणि मग शाळेचा अभ्यास करायला बसायची. जाण्यायेण्यात रोज दीड तास जात होता. ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला असता तर निदान तेवढी झोप मिळाली असती.

टिळकनगरची आत्या

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ड्रॉप घेतलेल्या मुलीचे लिहिणे मी भावाला फोनवर वाचून दाखवले आणि तो बराच वेळ काही बोलला नाही.

रविवारी भाचीला घरी बोलावले. जेवणाच्या टेबलावर तिला जुनी प्रश्नपत्रिका दिली, घड्याळ लावले आणि दोन तास घरात कोणी टीव्ही लावला नाही. तिची ६८ उत्तरे बरोबर आली, २७ चुकली आणि २५ प्रश्नांना तिने हातच लावला नाही. म्हणजे ६१.२५ गुण. मग वर सांगितल्याप्रमाणे वही उघडून प्रत्येक चुकीचे कारण लिहायला बसलो. सोडलेल्या २५ पैकी १६ प्रश्न चालू घडामोडींचे होते. इंग्रजीत तिच्या फक्त तीन चुका होत्या. लहानपणापासून ती माझ्या मुलीची पुस्तके वाचत आली आहे, त्याचा हा परिणाम असावा.

मग मी तिला विचारले की तुला वर्ग हवा आहे का. ती म्हणाली, "आत्या, मला बातम्यांवर बोलायला कोणी तरी हवे आहे, बाकीचे मी करीन." भावाने १,६५,२०० रुपये भरायचे तूर्त थांबवले आहे. २२,००० चा अभ्यासक्रम घेतला आणि जानेवारीअखेर पुन्हा बसून पाहायचे ठरले. माझी मुलगी रोज रात्री अर्धा तास तिच्याशी फोनवर बोलणार आहे. काल पहिला दिवस होता. दोघी सव्वा तास बोलत होत्या.

ड्रॉप घेतलेली

आत्या, कोणत्या वर्षाची प्रश्नपत्रिका दिली होती?

टिळकनगरची आत्या

२०२४ ची. २०२५ ची मुद्दाम राखून ठेवली आहे, ती जानेवारीत देऊ.