प्रतिसाद: लंडन काउंटी कौन्सिल आणि घरं
एकांनी लिहिलंय की लंडन काउंटी कौन्सिल (लंडनचा कारभार बघणारी तेव्हाची स्थानिक संस्था) म्हणजे ट्राम चालवणारी संस्था, तर त्यात थोडी भर घालतो. ट्राम होत्याच, पण १८८९ ते १९६५ या काळातलं त्यांचं खरं मोठं काम म्हणजे घरबांधणी. पूर्व लंडनमधली ओल्ड निकोल ही अत्यंत बकाल वस्ती पाडून त्यांनी बाउंड्री इस्टेट ही नवी वसाहत उभी केली, १९०० मध्ये तिचं उद्घाटन झालं. पाडापाडीचा राडारोडा मध्येच रचून त्यावर गोल बाग केली, वर बँडस्टँड, आणि चहूबाजूंना लाल विटांच्या इमारती, आजही अर्नोल्ड सर्कस या तिथल्या गोल चौकात गेलात तर ते सगळं बघायला मिळतं. पण हेही सांगायला हवं की जुन्या रहिवाशांपैकी बहुतेकांना नवीन भाडं परवडलंच नाही, ते आजूबाजूच्या तशाच बकाल खोल्यांत गेले, आणि मला हे कौन्सिलचं मोठं अपयश वाटतं, कारण घरं ज्यांच्या नावाने बांधली त्यांनाच मिळाली नाहीत. पुढे १९२०-३० च्या दशकांत बेकनट्रीला पंचवीस हजारांवर घरं बांधली, तीही स्वतःच्या हद्दीबाहेर, शेजारच्या एसेक्स काउंटीमध्ये!

आणि हो, लंडनच्या हाउली प्लेसमध्ये लोकमान्य टिळक राहिले होते त्या घरावरची निळी स्मृतिपाटीसुद्धा याच कौन्सिलने १९६१ मध्ये लावलेली आहे.